टोपीवरनं घेतलेलं माप

"टोपी काढायची न्हाय. हेल्मेट घालीन, कोट घालीन, म्हणाल तर बैलाची झूल घालीन. पण टोपी काढायची न्हाय."

"तात्या, टोपी काढा म्हणतोय, मुंडकं न्हाय!"

"तुजं तू काढ मुंडकं."

"माज्या डोक्यावर काय हाय काढायला?"

"कायच न्हाय. म्हणून तर वारं शिरलंय त्यात."

बारामतीत भिगवण रोडला हेल्मेट-जॅकेटचं दुकान हाय, तितं भर दुपारी आमचं हे चाललेलं. गुरुवार व्हता, पेरू बाजारात टाकून आमी तसंच आलेलो. दुकानात एक नवरा-बायको लहान पोराला घिऊन आलेली. ती आमच्याकडं बघायची थांबली आन आरशात बघायला लागली. आमची लाज त्यास्नीच वाटली.

झुंबरतात्या माझं चुलतं. मी तिसरीत असताना माझा बाप गेला, तवापसनं आई आन मी अंथुर्ण्यात तात्यांच्याच घरात. दहावीत असताना वर्गात सरांनी मला पोरांम्होरं उठाबशा काढायला लावल्या. मी उठलो. उठलो ते बसलोच न्हाय, तसाच घरी आलो. त्या दिवशी समद्या घरानं मला फाडून खाल्लं. तात्यांनी एवढंच इचारलं, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी पेरूच्या प्लॉटात नेलं, छाटणीची कात्री हातात दिली, आन संध्याकाळी म्हणालं, "ह्या डोक्यात काय ऱ्हात न्हाय म्हणत्यात लोकं. बघू, गाडी ऱ्हाती का." तात्यांची जुनी गाडी. रानातल्या वाटंवर क्लच सोडायला त्यांनी शिकवलं मला. रस्त्यावर मातूर अठरा पुरी होईस्तवर हात लावू दिला न्हाय. ह्या जानेवारीत लायसन काढलं तवा किल्ली दिली, ती पण येकदम न्हाय. आधी टायर धुवायला लावलं.

आता भांडण कशाचं ते सांगतो.

तात्यांची पोरगी राजनंदिनीताई पुण्याला बँकेत हाय. ती गावच्या जत्रंला आलती, तवा तिनं बापाला बघितलं. मागं पेरूचं दोन क्रेट बांधलेलं, पायात वहाणा, डोक्याला टोपी, आन गाडी भवानीनगरच्या वळणाला अशी झोपवलेली की मला पण जमत न्हाय. तिच्या ऑफिसातला एक माणूस मागल्या महिन्यात गाडीवरनं पडून गेला. तिनं जत्रंच्याच दिवशी सांगितलं, गाडी विकायची. इंदापूरचं हिंदुराव घ्याला तयारच व्हतं, त्यांची त्या गाडीवर लई दिवस नजर. तात्या दोन दिवस जेवलं न्हाईत. गाडी गेली म्हंजे बाजार गेला, सोयऱ्याधायऱ्याकडं जायाचं गेलं. कुणाच्या तरी मागं बसून "जरा येताना सोडशील का रं" म्हणायची पाळी येणार. तात्यांनी जन्मात कुणाला असं म्हणल्यालं न्हाय.

मंग काकी मधी पडली. सिंधुबाई काकी जास्ती बोलत न्हाय, पण बोलली की ठराव पास. ताई येवढ्यावर आली, की डोक्यापसनं पायापतूर नीट सामान घालून बापानं गाडी चालवली तर गाडी ऱ्हाईल. न्हायतर रविवारी हिंदुराव येऊन गाडी नेणार.

तर हे सामान आणायचं काम मी घेतलं. गाड्यातलं मला कळतं. आवाजावरनं सांगतो गाडी कुणाची आन चेन ढिली का ताठ. हेल्मेटवरचा खोटा शिक्का मी लांबनं वळखतो, अक्षरं वाकडी असत्यात. पण हेल्मेटला माप लागतं. आन तात्यांस्नी माप द्या म्हणलं तर म्हणणार, "कशाला, फोटू काढून फ्रेमीत लावणार हायेस काय?" म्हणून मी दुपारी ते प्लॉटात बाजंवर झोपल्यालं बघून गपचीप सुतळी घेतली आन डोक्याभवती फिरवली. टोपी डोक्यावरच व्हती. टोपीसकट माप घेतलं. मला वाटलं, घालणार टोपीवरनंच, तर माप पण टोपीवरनंच पायजे. जागं होतील म्हणून सुतळी पण जरा सैलच धरली.

दुकान पूर्वी नावाच्या मॅडमचं. सासऱ्याचं टायरचं दुकान व्हतं, तिनं त्यातलं अर्धं ह्या सामानाला घेतलं. जळोचीतनं स्वतः गाडीवर येती, जॅकेट घालून. तिनं माझी सुतळी टेपावर धरली.

"बासष्ट? खरंच एवढं मोठं डोकं आहे त्यांचं?"

मला राग आला. म्हणलं, "आमच्या घरातली डोकी मोठीच हायती."

"असतील बाबा," म्हणाली. "पण बसलं नाही तर त्यांनाच घेऊन ये. फक्त ओरखडा नको पाडूस."

मी सगळ्यात मोठं उचललं. काळं, चकचकीत, मागनं लाल जाळ काढल्यालं. त्रेसष्ट वर्साचा माणूस घालणार, हे डोक्यातच न्हाय आलं. मला आवडलं, घेतलं. घरी तात्यांनी टोपीवर चढवलं, मान हलवली, म्हणालं, "झ्याक. वारं पण खेळतंय." आई हसून हसून चुलीपाशी बसली. ताईला व्हिडिओ कॉल लावला तर तात्या पुण्याकडं बघून "व्हय व्हय" म्हणायचं आन आत नुसती मान हलायची. हेल्मेट जागच्या जागी. ताई म्हणाली, "ऋतिक, ते हेल्मेट आहे का घागर? दुकानात जा, त्यांच्या डोक्याला बसवून घ्या. नाहीतर रविवार ठरलेलाच आहे."

म्हणून गुरुवारी आमी दुकानात, आन मॅडम म्हणाली टोपी काढा, आन तात्या अडलं.

"काका," मॅडम म्हणाली, "टोपीला दुहेरी घडी असते ना, ती आत सरकते. टोपी डोक्यावर फिरते आणि हेल्मेट टोपीवर फिरतं. डोक्याला काहीच धरून राहत नाही."

"पोरी, मी बिनटोपीचा येकदाच झालोय. माझा भाऊ गेला तवा. धाव्या दिवशी सोयऱ्यांनी परत टोपी घातली डोक्यावर, तवापसनं चार माणसांत काढल्याली न्हाय." मंग माझ्याकडं हात केला. "ह्येचा बाप."

आमच्यात मयतीलाच डोकं उघडं ठेवत्यात, हे मला म्हाईत व्हतं. मला वाईट पण वाटलं आन राग पण आला. बापाचं नाव काढलं की माझं तोंड बंद होतं, हे तात्यांस्नी बरोबर ठाव हाय.

मॅडम वाद घालणारी न्हाय. म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही म्हणता बसतंय. बघूया. पट्टा लावा." तात्यांनी टोपीवर हेल्मेट चढवलं. तिनं स्वतः हनुवटीखाली पट्टा आवळला, दोन बोटं घालून बघितली. "घट्ट आहे?"

"लई घट्ट."

"आता मी मागनं धरून पुढं ओढणार. असं ओढून निघालं, तर पडल्यावर पण निघतं. मग गाडी एकीकडं, हेल्मेट एकीकडं आणि डोकं रस्त्यावर. ओढू?"

"वढ की. नांगर वढल्यात आमी."

तिनं मागनं खालची कड धरली आन पुढं नेली. जोर पण लावला न्हाय. पट्टा हनुवटीवरनं सरकला आन शेंगंतनं दाणा निघावा तसं तात्यांचं डोकं भायेर आलं. हेल्मेट तिच्या हातात. टोपी हेल्मेटात.

तात्यांचं उघडं डोकं मी कितीक वर्सांनी बघितलं. केस पांढरं, बारीक. आन डाव्या कानाच्या वर, मागल्या अंगाला, चार बोटं लांब गुलाबी रेघ. तिच्यावर केस न्हाईत. दोन्ही बाजूला टाक्यांची टिंबं.

तात्यांनी पटकन हात ठेवला तिच्यावर. पण मी बघितलं व्हतं. मी बघितलं हे त्यांनी पण बघितलं. त्यांनी हेल्मेटातनं टोपी उपसली, वाकडीच डोक्यावर दाबली आन दुकानाच्या भायेर गेलं.

मॅडम हळूच म्हणाली, "टाके आहेत रे. फार जुने नाहीत. महिना-दीड महिना."

दीड महिना. मी बोटावर दिवस मागं मोजलं.

दीड महिन्यामागं मी पळसदेवला गेलतो. माझा दोस्त बिरू, त्याची गाडी. उजनीचं पाणी उतरलं की तितलं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला. तितं अविराज नावाचं एक पोरगं मासं उतरवत व्हतं. आमच्या गाडीचं चाक त्याच्या जाळ्यावरनं गेलं. तो म्हणाला, "डोळं हायती का बटणं?" मी उत्तर द्यायच्या आधीच हात उचलला. मला तसंच हुतं, हात आधी जातो. त्याच्या नाकातनं रक्त आलं, त्याची माणसं जमली, बिरूच्या गाडीची किल्ली काढून घेतली. म्हणाली, घरातलं मोठं माणूस बोलवा, मंगच सोडतो. मी तात्यांस्नी फोन केला.

तात्या आलं. लेंगा मळल्याला, येक बाही फाटल्याली, डोक्याला टॉवेल गच्च गुंडाळल्याला. दिवस मावळायला आलता, ऊन कुठं व्हतं? मी इचारलं पण न्हाय. मला वाटलं आता माझा उद्धार करतील. तर ते त्या पोराच्या बापाम्होरं गेलं आन हात जोडलं. म्हणालं, "पोरगं माझं हाय. चुकलं." किल्ली परत घेतली, मला म्हणालं, "तू बिरूसंगट हो फुडं. मला हायवेला पंपाचा वायसर घ्याचाय." आन मी गेलो. रागात गेलो, हात जोडलं म्हणून.

मी, आवाजावरनं चेन वळखणारा.

रस्त्यापलीकडं रसवंती हाय. तात्या तितं बाकड्यावर बसलेलं, फुडं ग्लास, पण पीत नव्हतं. चरकाची घुंगरं वाजत व्हती. मी जाऊन म्होरं उभा ऱ्हायलो.

"कुठं पडला?"

"बस. रस घे."

"तात्या, कुठं पडला?"

"वरडू नको. आतल्या रस्त्याला मुरूम टाकलाय, त्यावर गेलं चाक." रसवंतीवाल्याला म्हणालं, "येक बिनबर्फाचा दे रं." परत माझ्याकडं. "तुजा फोन आला, तू म्हणलास किल्ली काढून घेतली. मागनं कुणीतरी 'धरा रं त्याला' म्हणलं. मंग काय हळू जाऊ व्हय?"

"आन तसंच पुढं आला? रक्त येत असताना?"

"टॉवेल व्हता की."

रस आला, मी ग्लास बाजूला सारला.

"मंग टाकं कुणी घातलं?"

तात्या पहिल्यांदा जरा हसलं. "ते तुला सांगणार नव्हतो. ज्येच्या पोराचं नाक फोडलंस, त्यानं. म्हंजे टाकं डागदरनं घातलं, पण नेलं त्यानं. तू गेलास आन टॉवेल वला झाला, तो म्हणाला, अवो राव, तुमचं डोस्कं फुटलंय. त्येच्या मागं बसलो मी. त्येच्या बायकूनं धरलं मागनं. नाव इचारलं तर सारजा म्हणाली. माझी आई, तुजी आजी, सारजाच व्हती."

मी वरडलो, "आन आमाला सांगायचं न्हाय? मी काय मेलो व्हतो का?"

"तुज्या काकीला ठाव हाय. तिला शपथ घातलीया."

"का पण?"

"का म्हंजे?" आता तात्या चिडलं. "घरात कळलं असतं तर काय झालं असतं? राजी म्हणली असती, ह्या पोरापायी बाप मेला असता. तुजी आई दोन दिवस रडली असती. शाळंच्या वक्ताला समद्यांनी मिळून झोडपला तुला, तवा बघितलं म्या. परत कशाला? पोरगं आता कुठं प्लॉटात टिकाय लागलंय. छाटणी माझ्यापेक्षा बरी करतंय."

आन म्हणून दीड महिना झोपताना सुदिक टोपी. म्हणून त्या दिवशी बाजंवर टोपी व्हती. मी त्याच टोपीवरनं माप घेतलं, जखमंवरनं सुतळी फिरवली.

मी खिशातनं फोन काढला.

"काय करतोस?"

"ताईला सांगतो."

तात्यांनी माझं मनगट धरलं. "येडा हायेस का? आत्ता सांगितलंस तर रविवार पण थांबायची न्हाय ती. आजच हिंदुराव येईल. गाडी जाईल रं."

"जाऊ दे."

"ऋतिक." लहानपणी आजारी पडल्यावर म्हणायचं तसं म्हणालं. "गाडी गेली तर मी घरात बसून काय करू?"

तवा माझा हात थांबला, खरं सांगतो. त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवलं, आन मी उघडं करून त्यांचीच गाडी घालवणार. पण झाकून पण चालणार नव्हतं. मॅडमच्या टेपनं डोकं परत मापायचं तर टोपी निघणार, आन डोक्याला मार बसल्यावर आतला फोटो काढावा लागतो दवाखान्यात, तो कुणी काढला व्हता? ताईला वाटत व्हतं म्हातारा माजानं गाडी झोपवतो. तो पडला माझ्यापायी, हे तिला ठाव असाय पायजे. मी मनगट सोडवलं आन फोन लावला.

सगळं सांगितलं. पळसदेव, नाक, मुरूम, टाकं. शेवटी म्हणलं, "ताई, ते वेगानं जात्यात म्हणून पडलं न्हाईत. मी बोलवलं म्हणून पडलं. तुला काय इकायचं तर मला इक. पण माझं भांडण मिटवायला इथनं फुडं तात्या कुठं जाणार न्हाईत, हे मी बोलतोय. गाडी ठेव त्यांची."

तिकडनं नाक वढल्याचा आवाज आला.

"ताई?"

"तात्यांना दे."

तात्यांनी फोन कानाला लावला. "व्हय... व्हय... न्हाय बाय... दोन गोळ्या दिल्या व्हत्या... न्हाय, चक्कर न्हाय... व्हय... आता तू रडू नको, हितं रसवंतीत हाय मी." मंग लांब येळ नुसतं ऐकत ऱ्हायलं. फोन बंद करून माझ्या हातात दिला आन रसाचा ग्लास येका दमात संपवला.

"काय म्हणाली?"

"उद्या डोस्क्याचा फोटू काढायचा."

"आन गाडी?"

"आधी बसल असं हेल्मेट घ्या म्हणाली. घालून, मान हलवून दावा. मंग बघते." उठलं. "चल. पण दुकानात माणसं असतील तर मी भायेर थांबीन."

माणसं नव्हती. मॅडमनं आमाला येताना बघितलं आन काय न इचारता अर्धं शटर खाली वढलं. टेप घेतली. "भुवयांच्या वर दोन बोटं, आणि मागं डोकं जिथं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथनं," माझ्याकडं बघून म्हणाली. "बघून ठेव, सुतळीवाल्या." तात्यांनी टोपी काढून मांडीवर धरली. त्यांनी भिंतीकडं बघितलं, मी दाराकडं.

"अठ्ठावन्न," मॅडम म्हणाली. "घरातली डोकी मोठी आहेत म्हणे."

जखम भरलीया का, दुखतंय का, हे तिनं दाबून न बघता इचारून घेतलं. मंग येक पांढरं हेल्मेट आणलं. साधं, जाळबीळ काय न्हाय. आन त्येच्या आधी येक पातळ कापडाची टोपी काढली, डोक्याला चापून बसणारी, पांढरीच.

"हे काय?" तात्या म्हणालं.

"टोपी. हेल्मेटच्या आत घालायची. घाम टिपते, आणि तुमच्या त्या जागेला आतलं अस्तर घासणार नाही."

तात्यांनी ती उलटी-सुलटी करून बघितली. शिवण वढून बघितली. वास पण घेतला. "हिलाबी टोपीच म्हणत्यात?"

"टोपीच म्हणतात, काका."

"मंग मी टोपी काढली न्हाय," तात्या माझ्याकडं बघून म्हणालं. "टोपी बदलली."

"बदलली, बदलली!" मी म्हणलं. हसू येत व्हतं आन डोळं पण चुरचुरत व्हतं. म्हणलं, चरकाचं काय तरी उडालंय डोळ्यात.

हेल्मेट चढवताना तात्या "मेलो, मेलो" म्हणालं. गाल दोन्हीकडनं दाबून पुढं आलं, तोंडात दोन बुंदीचं लाडू धरल्यागत. मॅडम म्हणाली, "असंच पाहिजे. महिन्यात अस्तर बसेल." मागनं धरून वढलं, हललं न्हाय. डावी-उजवीकडं फिरवलं, तर हेल्मेटासंगट तात्यांच्या गालाची कातडी फिरली. मंग मला म्हणाली, "तू ओढ." मी वढलं. आतनं तात्या वरडलं, "बास, काय उपटून नेतोस काय!"

जॅकेटला पण लई झालं. काळं घालणार न्हाईत. करड्या रंगाचं जाळीचं काढलं, वारं जातं आतनं, खांद्याला कोपराला पाठीला आत टणक गाद्या. छातीवर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या.

"गावात म्हणतील रोडच्या कामावरचा मुकादम आला."

"म्हणू द्यात. लांबनं दिसला म्हणजे झालं."

हातमोजं घातलं आन लगेच काढलं. "ह्येच्यात तंबाखू मळता येत न्हाय."

"गाडी चालवताना मळता?"

तात्यांनी मोजं खाली ठेवलं. मी म्हणलं, "मळत्यात. सणसरपसनं लासुर्ण्यापतूर येका हातानं." तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जुना दिवस असता तर येक बसली असती. मॅडम म्हणाली, "थांबून मळा काका. गाडीला पण विश्रांती." मोजं घेतलं. गुडघ्याच्या वाट्या लेंग्याच्या आतनं बांधल्या. घोट्याच्या वर येणारं बूट. वहाणा तिनं पिशवीत घालून दिल्या. जाळाचं हेल्मेट परत घेतलं, वर ओरखडा व्हता, मीच पाडल्याला. ती बोटानं चाचपून म्हणाली, "राहू दे, हे मी दाखवायला ठेवते. टोपीवरनं माप आणणारा तू पहिला नाहीस, पण झोपलेल्या माणसाचं आणणारा पहिलाच."

"मॅडम," मी म्हणलं. मला थँक्यू म्हणता येत न्हाय, जीभ जड हुती. "त्या दिवशी मी वाकडं बोललो तुमाला. डोक्यावरनं."

"हो, बोललास."

"आन तुमी वढलं नसतं तर मला कळलंच नसतं."

तिनं शटर वर केलं.

आरशाम्होरं तात्यांस्नी उभं करून मी व्हिडिओ काढला. मान हलवली, हेल्मेट संगट हललं. ताईला पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर न्हाय. पार्किंगमधी आमी दोघं उन्हात उभं. तात्या आतनं घामानं भिजलेलं, पण काढत नव्हतं, न जाणो ती परत फोन करून बघायची. मी हँडलावरचा रंग नखानं खरवडत व्हतो. गाडी जाती का ऱ्हाती, एवढंच डोक्यात.

फोन वाजला. तात्यांनाच. हेल्मेट घातल्यानं फोन कानाला लागंना, मी स्पीकर केला.

"हिंदुराव काकांना कळवलंय मी, येऊ नका म्हणून," ताई म्हणाली. "आणि ऋतिक, तू मागं बसणार असशील तर तुझं हेल्मेट कुठाय?"

माझं हेल्मेट घरी व्हतं, ते पण माप न घेताच आणल्यालं. आमचं डोकं मोठं ना.

परत दुकानात गेलो. मॅडमनं टेप काढूनच ठेवल्याली.

शुक्रवारी डोक्याचा फोटो काढला. तात्या घरी येऊन म्हणालं, "डोक्यात कायबी न्हाय म्हणाला डागदर." काकी म्हणाली, "ते मला लगनापसनं ठाव हाय." आन मंग मला आईला पण सांगावं लागलं. ती रडली, दोन दिवस न्हाय, अर्धा दिवस. मंग उठून तिनं पेरू निवडलं, येकेक हातात घिऊन, डाग असल्याला बाजूला.

ते पेरू पळसदेवला न्यायचेत. सारजाबाईच्या घरी. तात्या म्हणालं, मी नुसता मागं बसणार, बोलायचं तू. अविराज भायेर आला तर त्याला आधी काय म्हणू ते मी सकाळपसनं जुळवतोय, अजून जुळलं न्हाय. त्याच्या आईनं माझ्या चुलत्याला मागनं धरून नेलं, आन मी तिच्या पोराचं नाक फोडलं, ह्याला कुठनं सुरवात करायची असती?

आज रविवार. गाडी दारातच हाय. तात्या जॅकेट, मोजं, हेल्मेट समदं घालून मागल्या शिटावर बसल्यात, पेरूची पिशवी मांडीवर. जॅकेट घालून जाग्यावर उभं ऱ्हायलं की लई उकडतं, वारं चालत्या गाडीलाच लागतं. आतनं काय तरी वरडत्यात, कळंना, पण शिवीच असणार. मला आता निघाय पायजे.